चरईतली लॅब : रिपोर्टच्या मागोमाग फोनही आला

ह्यांची लिव्हरची बायॉप्सी मंगळवारी झाली. बुधवारी रात्री अंगात कणकण आणि उजवा खांदा ठणकायला लागला. डॉक्टरांनी रक्ताच्या तीन तपासण्या करून घ्यायला सांगितलं: सीबीसी (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिन), सीआरपी (शरीरात सूज किंवा जंतुसंसर्ग असला की रक्तात वाढणारं एक प्रोटीन) आणि ईएसआर (लाल पेशी किती वेगाने तळाशी बसतात ते; हाही सूज असली की वाढतो). ठाण्यात चरईला आमच्या मागच्याच गल्लीत एक छोटी लॅब आहे, तिथे होम कलेक्शनसाठी फोन केला.

गुरुवारी सकाळी सातला मुलगा दारात हजर. हे उठायला लागले तर म्हणाला, "काका, पडूनच द्या हात." उजवा हात सलाइनने काळानिळा झाला होता. डाव्या हाताची शीर त्याने बोटाने चाचपून शोधली आणि एकाच टोचण्यात काम झालं. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबवर नाव आणि वेळ आमच्यासमोर लिहिली, ती हलकेच उलटसुलट केली, आणि मग कापूस दाबून धरून शांतपणे बसून राहिला.

रिपोर्ट एकला देणार होते, आला चारला. हे मात्र खटकलं. त्यात सीआरपी 14! बायॉप्सीआधी दुसरीकडे केला तेव्हा 0.6 होता. माझे तर हातपायच गळाले.

तेवढ्यात लॅबच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमचा फोन आला. आधीचा रिपोर्ट मागवून घेतला आणि म्हणाल्या, "अहो, हा मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमधे आहे, आमचा प्रति लिटरमधे. तुमचे 0.6 म्हणजे आमचे 6." तेवीसपट वाटलेली वाढ दुपटीच्या थोडी वर निघाली. हे प्रोटीन लिव्हरच तयार करतं, सुई टोचल्यावर काही तासांत वाढायला लागतं आणि दोन दिवसांच्या सुमाराला सर्वांत वर असतं, हेही त्यांनी समजावलं. हिमोग्लोबिन 12.4, म्हणजे आधीइतकंच, आणि पांढऱ्या पेशीही वाढलेल्या नव्हत्या. तरी "आजच तुमच्या डॉक्टरांना दाखवा. ताप चढला, पोटात जोरात दुखलं किंवा चक्कर आली, तर रिपोर्टची वाट बघू नका, थेट हॉस्पिटल गाठा," असं दोनदा बजावलं. त्या फोनचे त्यांनी पैसे घेतले नाहीत, पण माझ्या लेखी त्याचं मोल फार मोठं आहे.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून रविवारी परत रक्त दिलं. सीआरपी 7 वर आला होता. ईएसआर मात्र 38 चा 40. तो उतरायला आठवडे लागतात, हे मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे या खेपेला मी घाबरले नाही. रविवारी दुपारनंतर लॅब बंद असते, सकाळची वेळ आदल्या रात्रीच सांगून ठेवा. आधीचे रिपोर्ट त्यांच्या हाती नक्की द्या.