‘श्री राजा शिव’ वाचलं आणि पैसे मोजले

पुण्यात रविवारी जुन्या बाजारात शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं, हातावर ठेवली जाते ती एकाच वाक्यासकट: “साहेब, महाराजांच्या काळातली आहे, नाव वाचा.” एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्रपति’. भाव हजारांत सांगितला जातो आणि दिलाही जातो. वाईट याचं वाटतं की नाणं बहुधा अस्सल असतं, खोटा असतो तो काळ.

१६७४ च्या राज्याभिषेकापासून पेशवाई संपेपर्यंत, आणि पुढेही, शिवराई याच नावाने पाडली जात होती. त्यामुळे नाव हा काळाचा पुरावा नाही. मजकुराच्या ओळींमध्ये दोन आडव्या रेघा दिसल्या तर ती दुदांडी, म्हणजे उत्तर पेशवाईची किंवा त्यानंतरची. अशा शिवराया ढिगाने मिळतात. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा सोबत न्या. आधीच्या शिवराया साधारण ११ ते १३ ग्रॅमच्या, दुदांडी बहुधा ८ ते १० च्या आसपास. झिजेमुळे वजन घटतं, म्हणून नुसत्या वजनावर निकाल देऊ नका. अक्षरांचं वळणही पाहा.

पूर्ण मजकूर ठसठशीत आणि मधोमध बसलेला असेल तर हुरळू नका. ठसा तांब्याच्या तुकड्यापेक्षा मोठा असे, म्हणून काही अक्षरं कडेबाहेर जायचीच. ओतीव नकलेवर भिंगातून बारीक खड्डे दिसतात, अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत असतात, कडेला कधी कानशीची खूण असते. धातूसाठी पाण्याचा ग्लास काट्यावर ठेवून काटा शून्य करा आणि नाणं दोऱ्याने बुडवा, तळाला टेकू देऊ नका. नाण्याच्या कोरड्या वजनाला आता काट्यावर दिसणाऱ्या आकड्याने भागा. तांब्याचं उत्तर ८.९ च्या जवळ येतं. ८ च्या खाली आलं तर सोडून द्या. पितळ मात्र या चाचणीत निसटू शकतं.

चिंचेने किंवा पावडरीने घासलेलं नाणं गुलाबी चमकतं, आणि संग्राहक ते कमी भावात मागतो. शतकभर चढलेला तपकिरी थर परत येत नाही. असं घासलेलं नाणं रसायनाने काळं करूनही विकतात. खऱ्या झिजलेल्या नाण्यात उंच अक्षरं उजळ आणि खोलगट भाग गडद असतो. रसायनाने काळ्या केलेल्या नाण्यावर सगळीकडे एकच काळेपणा दिसतो. टोकरल्यावर फिकट हिरवी भुकटी पडत असेल तर तो क्षार आहे, तो तांबं आतून खातो आणि शेजारच्या नाण्यांनाही धोका असतो.

आता विकायला निघालेल्यांसाठी. रिझर्व्ह बँक जुनी नाणी विकत घेत नाही. तिच्या नावाने कमिशन मागणाऱ्यांबद्दल तिनेच ऑगस्ट २०२१ मध्ये सावध केलं आहे. फोनवर ‘नोंदणी फी’ मागितली तर एक रुपयाही पाठवू नका. पैसे गेलेच असतील तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा.