गोल्डफ्रॅपची एकच रेकॉर्ड घ्यायची असेल तर

भाचीनं सांगलीच्या घरातला आजोबांचा रेकॉर्ड प्लेयर दुरुस्त करून घेतलाय. बेल्ट नवा, सुई नवी. वाढदिवसाला आलेल्या पैशांत एकच रेकॉर्ड बसते आणि ती तिला गोल्डफ्रॅपची हवी आहे. "मावशी, 'सुपरनेचर' घेऊ का 'सेव्हन्थ ट्री'?" असं तिनं विचारलं. मला फोनवर एका वाक्यात उत्तर देता येईना, म्हणून आठवडाभर दोन्ही अल्बम पुन्हा ऐकले आणि लिहायला बसले. याच पेचात आणखी कुणी असेल, तर त्यांनाही उपयोग होईल.

गोल्डफ्रॅप ही दोघांची जोडी. ॲलिसन गोल्डफ्रॅप गाते, विल ग्रेगरी बहुतेक वाद्यांची बाजू बघतो, आणि सिंथेसायझर दोघंही वाजवतात. १९९९ साली लंडनमध्ये एकत्र आले. २००० सालचा पहिला अल्बम 'फेल्ट माउंटन' संथ, धुक्यातल्या सिनेमाच्या पार्श्वसंगीतासारखा. २००३ च्या 'ब्लॅक चेरी'त ते नाचाच्या ठेक्याकडे वळले आणि २००५ च्या 'सुपरनेचर'मध्ये त्या वाटेच्या टोकाला पोचले. मग २००८ साली 'सेव्हन्थ ट्री' आला आणि त्यात अकूस्टिक, म्हणजे विजेशिवाय वाजणारी गिटार, व्हायोलिनांचा ताफा, कुजबुजीच्या जवळ गेलेला आवाज. लोकप्रियतेवरून निवडायचं म्हणाल तर ते जमणार नाही. ब्रिटनच्या अल्बम-विक्रीच्या यादीत दोन्ही अल्बम दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले.

'सुपरनेचर' समजायला वेळ लागत नाही. 'ऊ ला ला' सुरू झालं की पहिल्या काही सेकंदांत खालचा जाड सूर पायाला धरतो. 'राइड अ व्हाइट हॉर्स'मध्ये सत्तरीच्या दशकातल्या न्यूयॉर्कच्या डिस्कोची आठवण आहे, 'नंबर वन' त्यातलं सगळ्यात नेटकं गाणं. अशा गाण्यांत ठेका सुरुवातीपासून शेवटपर्यंत तसूभर हलत नाही. ही त्याची उणीव नाही, हाच त्याचा आनंद आहे. घरात चार मैत्रिणी जमल्यात, कुणी भडंग कालवतंय, कुणी बोलतंय, तरी हा अल्बम सगळ्यांवरून आरामात ऐकू येतो. २००७ च्या ग्रॅमी या अमेरिकी संगीत पुरस्कारासाठी त्याला इलेक्ट्रॉनिक-डान्स विभागात नामांकनही होतं. यापेक्षा जास्त समजावून सांगण्याची त्याला गरज नाही.

'सेव्हन्थ ट्री'बद्दल मात्र सावकाश बोलायला हवं.

या वळणाची सुरुवात साधी होती. दोघांनी रेडिओसाठी आपली गाणी अकूस्टिक साथीवर सादर केली होती. यंत्रांचा थर काढल्यावर उरलेलं त्यांना आवडलं, आणि पुढच्या अल्बमसाठी त्यांनी गिटार जवळ ओढली. पहिलंच गाणं 'क्लाउन्स'. बोटांनी छेडलेली गिटार, मागून हळूच चढत जाणारी व्हायोलिनं, आणि ॲलिसनचा आवाज इतका सैल की शब्द कळत नाहीत. इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनाही ते धड कळत नाहीत, त्यामुळे आपल्याला कळत नाहीत याचं वाईट वाटून घेऊ नका. मिरजेपासून दहा किलोमीटरवर वाढलेल्या कानाला तर यात काही अडचणच नसावी. किराणा घराण्याचे गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, १९३७ साली गेल्यावर तिथल्याच दर्ग्याच्या आवारात त्यांचं दफन झालं, आणि त्या घराण्याची ती एकेका स्वरावर थांबणारी बढत, म्हणजे रागाचा सावकाश विस्तार, ऐकताना आपल्याकडे कुणी शब्दांचा हिशेब मागत नाही. दोन संगीतांचं काही नातं आहे असा माझा दावा नाही. पण स्वर कसा लागला, श्वास कुठे सुटला हे ऐकायची जी सवय आपल्याला आहे, तीच इथे कामाला येते.

शब्द कळतात तिथे ते हलकेफुलके नाहीत, हेही सांगून ठेवते. 'ए अँड ई' हे ब्रिटिश इस्पितळातल्या तातडीच्या विभागाचं नाव. चाल उन्हातली, मोकळी. गाणारी बाई मात्र त्या विभागात जागी होते आहे. मला हे दुसऱ्या-तिसऱ्या वेळी उमगलं, आणि तेव्हापासून ते गाणं मी काम करता करता लावू शकत नाही. 'हॅपिनेस' आनंदाचं आमंत्रण देतं आणि त्या आमंत्रणातच काहीतरी धोक्याचं आहे. म्हणून 'सौम्य अल्बम आहे, झोपताना लावा' असं कुणी सांगितलं तर ते अर्धंच खरं. सौम्य आहे ते ध्वनीत.

आता एक गैरसमज, ज्यामुळे लोक चुकीची निवड करतात. 'सुपरनेचर' म्हणजे यंत्र आणि 'सेव्हन्थ ट्री' म्हणजे लाकूड, अशी वाटणी करता येत नाही. 'ऊ ला ला'मध्ये इलेक्ट्रिक गिटार ठळक आहे. 'सुपरनेचर'मधलंच 'टाइम आउट फ्रॉम द वर्ल्ड' इतकं शांत आहे की ते पुढच्या अल्बमची चाहूल वाटावं. उलट 'सेव्हन्थ ट्री'मधून सिंथेसायझर गेलेले नाहीत. ते मागच्या खोलीत जाऊन बसलेत. 'लिटल बर्ड' गिटारवर सुरू होतं आणि शेवटाकडे ध्वनींच्या थरांत बुडून जातं. 'कॅरव्हॅन गर्ल'चा ठेका तर चांगला धावता आहे. निर्मितीत त्यांच्यासोबत फ्लड हा निर्माता होता, आणि हे थर कुठेही एकमेकांच्या अंगावर येत नाहीत.

खरा फरक अंतराचा आहे. 'सुपरनेचर'मध्ये ती मंचावर आहे, दिव्यांच्या झोतात, आणि तुम्ही गर्दीत. 'सेव्हन्थ ट्री'मध्ये ती तुमच्या शेजारी बसली आहे आणि तुम्ही दोघंच आहात.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत कधी गेला असाल तर हे चटकन पटेल. तिथे तंबोऱ्याच्या घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, जवारी काढताना (सुराला गुंजारव यावा म्हणून ती पट्टी घासताना) कारागीर पुन्हा पुन्हा घासतो, तार छेडतो, कान लावतो, परत घासतो. मग तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवतो, आणि त्या केसाएवढ्या फरकानं तंबोरा बोलायला लागतो. इलेक्ट्रॉनिक तंबोरा या कटकटीशिवाय तासन्‌तास सुरात राहतो, आणि रोजच्या रियाजाला तो उत्तम. माझ्या घरी दोन्ही आहेत. मला त्यातला कुठलाच खोटा वाटत नाही, पण धाग्यामुळे येणारा तो गुंजारव ऐकायला खोली शांत लागते.

'सेव्हन्थ ट्री'ला तसंच लागतं. मे महिन्यात सांगलीत पंखा पाचवर असतो, खालून रस्ता वाहत असतो. तेव्हा या अल्बमचं अर्धं अंग हरवतं. छोट्या स्पीकरवर तर ऐकूच नका. हेडफोन लावून पहाटे कृष्णेच्या घाटावर, नाहीतर रात्री अकरानंतर घरात. 'सुपरनेचर' उलट एसटीत, स्वयंपाकघरात, गच्चीवर, कुठेही चालतो आणि मोठ्या आवाजात अधिकच खुलतो. फक्त मोबाइलवर येता-जाता ऐकणार असाल तर दुसरा विचार करू नका, तोच घ्या.

'टेल्स ऑफ अस' हा २०१३ चा अल्बमही याच शांत वाटेवरचा, त्याहून काळोखा. पण पहिली ओळख म्हणून तो नको. 'सेव्हन्थ ट्री'नंतरचा २०१० चा 'हेड फर्स्ट' पुन्हा चकचकीत सिंथेसायझरकडे गेला, म्हणजे हे वळण कायमचं घर बदलणं नव्हतं.

भाचीसाठी माझं उत्तर 'सेव्हन्थ ट्री' आहे. 'सुपरनेचर' तिला मोबाइलवर कधीही ऐकता येईल आणि त्यात त्याचं फारसं काही बिघडत नाही. रेकॉर्ड लावायला उठावं लागतं, बाजू उलटायला परत उठावं लागतं. तेवढी सवड काढून बसलेल्या माणसासाठी हाच अल्बम. शिवाय ती रात्री एकटीच जागते, हे मला माहीत आहे. पण तिच्या घरी दर शनिवारी मैत्रिणींचा अड्डा भरत असता, तर मी नि:शंक 'सुपरनेचर' म्हटलं असतं.

रेकॉर्ड आली की पहिल्या रात्री पंखा बंद कर, गं. थोडं उकडेल. 'क्लाउन्स'पासून सुरू कर आणि 'ए अँड ई' येईपर्यंत फोनला हात लावू नकोस. ते संपलं की मला फोन कर, कितीही वाजलेले असू देत.