आंबोलीचे घर : दिवसाचे पाहुणे की हंगामाचे बिऱ्हाड?

किनाऱ्यावरचे घर भाड्याने देण्याचे जे हिशेब आम्हा वेंगुर्लेकरांना पाठ असतात, ते सावंतवाडीचा घाट चढून आंबोलीत गेल्यावर उपयोगी पडत नाहीत. खाली हंगाम ऑक्टोबर ते मे असा चालतो; पावसाळ्यात समुद्र खवळलेला आणि जलक्रीडा बंद, त्यामुळे पर्यटकही विरळ असतात. समुद्रसपाटीपासून सुमारे 690 मीटर उंचीवरच्या आंबोलीत मात्र लोक पावसासाठीच येतात. वर्षाला 7000 मिलिमीटरच्या घरात जाणारा हा पाऊस गिऱ्हाईकही आणतो आणि घराची झीजही करतो. आमचे तिथले जांभ्या दगडाचे कौलारू घर आम्ही प्रथम एका व्यवस्थापन संस्थेमार्फत दिवसाच्या भाड्याने दिले आणि नंतर पावसाळ्याच्या संपूर्ण हंगामासाठी एकाच बिऱ्हाडाला दिले. दोन्ही पद्धती वापरून पाहिल्यावर माझे मत पक्के झाले आहे की, आंबोलीत पावसाळ्यापुरते तरी घर हंगामी भाड्यानेच द्यावे, कारण त्या पावसात घरात रोजचा राबता लागतो.

व्यवस्थापन संस्थेच्या कामाविषयी प्रथम चांगले सांगितले पाहिजे. घराची छायाचित्रे नीट काढून ती बुकिंगच्या संकेतस्थळांवर टाकणे, पाहुण्यांच्या चौकशांना त्याच दिवशी उत्तर देणे, ओळखपत्रे तपासून ठेवणे, परदेशी पाहुणा आल्यास 24 तासांच्या आत त्याची माहिती सरकारला कळवणारा ‘फॉर्म सी’ भरणे ही सर्व कामे त्यांनी बिनचूक केली. महिन्याचा हिशेब वेळेवर येत असे आणि त्यात लपवाछपवी नसे. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या थंडीत आणि मे महिन्यात, जेव्हा गोवा, बेळगाव आणि कोल्हापूरकडची कुटुंबे चार दिवस गारव्याला येतात, तेव्हा या सेवेत नाव ठेवावे असे मला काही आढळले नाही.

अडचण जूनमध्ये सुरू झाली. पावसाळ्यात आंबोलीची गर्दी मुख्यतः शनिवार-रविवारची असते. रविवारी दुपारी पाहुणे गेले की घर बंद होई, ते थेट पुढच्या शुक्रवारी उघडे. संस्थेचा माणूस सावंतवाडीहून येत असे आणि त्याच्याकडे इतरही घरे सोपवलेली होती, त्यामुळे मधल्या दिवसांत कोणी खिडकीही उघडत नसे. धुके खिडकीतून आत येते अशा गावात पाच दिवस बंद राहिलेल्या घराचे काय होते, हे कोकणात राहणाऱ्याला वेगळे सांगावे लागणार नाही: गाद्यांना वास येतो, लाकडी कपाटाच्या आतल्या बाजूला बुरशीचा पांढरा थर चढतो, स्विचबोर्डमध्ये ओल शिरते. माकडांनी सरकवलेले एक कौल आठवडाभर तसेच राहिले, आणि त्याखालचा वासा व माजघराची भिंत सतत भिजत राहिली. गळतीची तक्रार शेवटी पाहुण्यांनी केली आणि त्या मुक्कामाचे पैसे परत द्यावे लागले. पावसाचा रेड अलर्ट जाहीर झाला किंवा घाटात दरड आल्याची नुसती बातमी पसरली, तरी बुकिंगे रद्द होत, आणि संस्थेच्या नियमांनुसार तो तोटा मालकाच्या वाट्याला येई.

पैशांचा हिशेब कागदावर मांडून पाहावा, कारण दिवसाच्या भाड्याचा आकडा दिसायला मोठा असतो. समजा, एका रात्रीचे 4000 रुपये मिळतात. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सुमारे 17 शनिवार-रविवार येतात. प्रत्येक वेळी दोन रात्री भरल्या असे अगदी उदारपणे धरले, तर 34 रात्रींचे 1,36,000 रुपये होतात. त्यातून संस्थेचे 25 टक्के, म्हणजे 34,000 रुपये वजा करावेत. प्रत्येक मुक्कामानंतरची साफसफाई आणि चादरींची धुलाई 700 रुपये धरली तर आणखी 11,900 रुपये जातात. उरतात 90,100 रुपये, आणि गिझर दिवसभर चालू ठेवणाऱ्या पाहुण्यांचे वीजबिल त्यातूनच भरायचे असते. तेच घर महिना 20,000 रुपयांनी चार महिने दिले तर 80,000 रुपये येतात आणि वीजबिल भाडेकरू भरतो. वीजबिल वजा केल्यावर जो फरक उरतो, तो दोन गाद्या बदलण्यात आणि एक भिंत पुन्हा रंगवण्यात संपतो. एखाद-दोन शनिवार-रविवार रिकामे गेले तर तेवढाही उरत नाही.

पावसात चार महिने आंबोलीत कोण राहणार, हा प्रश्न मलाही होता. त्याचे उत्तर आंबोलीच्या जंगलातच आहे. मलबार ग्लायडिंग फ्रॉग, आंबोली बुश फ्रॉग, मलबार पिट व्हायपर अशा बेडूक-सापांसाठी हे गाव अभ्यासकांमध्ये प्रसिद्ध आहे, आणि हिरण्यकेशी नदीच्या उगमाजवळच्या ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ या माशामुळे तो परिसर 2021 मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाला. अशा अभ्यासकांना आणि छायाचित्रकारांना हॉटेलची खोली महिनोन्‌महिने परवडत नाही. त्यांना स्वयंपाकघर, ओले बूट ठेवायला पडवी आणि कॅमेरे कोरडे ठेवायला एक खोली हवी असते. आमच्याकडे आलेले बिऱ्हाड याच कामाचे होते. त्यांनी न्हाणीघरातला बंब रोज पेटवला, मागच्या चुलीवर पाणी आणि पेज ठेवली, दिवसातून उघडीप मिळाली की खिडक्या उघडल्या. चुलीचा धूर वाशांना लागला की लाकडाला कीड कमी लागते, हे आपल्याकडे जुन्या माणसांना माहीत होते. त्या हंगामानंतर माळ्यावर चढून पाहिले तेव्हा लाकूड कोरडे होते आणि कपाटांना वास नव्हता. गळतीचा पहिला थेंब पडला त्याच दिवशी फोन आला आणि गावातल्या कारागिराने संध्याकाळपर्यंत कौल बसवले. झाड पडून वीज गेली तेव्हाही त्यांनी पैसे परत मागितले नाहीत, कंदील मागितला.

कागदपत्रांच्या बाबतीत हंगामी भाडे किचकट आहे असा समज आहे, तो बरोबर नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि ती जबाबदारी मालकाची असते. मुद्रांक शुल्क 0.25 टक्के आहे, म्हणजे 80,000 रुपयांच्या भाड्यावर सुमारे 200 रुपये, आणि नोंदणी आधारच्या साहाय्याने ऑनलाइन होते. याच अधिनियमाच्या कलम 24 मुळे मुदत संपल्यावर जागा परत मिळवण्याचा मार्गही मालकाला आहे. करातही फरक पडतो: घरभाड्याच्या उत्पन्नावर 30 टक्के प्रमाणित वजावट मिळते आणि जीएसटी-नोंदणी नसलेल्या व्यक्तीला राहण्यासाठी दिलेल्या घराच्या भाड्यावर जीएसटी लागत नाही, तर संकेतस्थळावरून दिलेल्या दिवसाच्या मुक्कामावर तो लागतो. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात मात्र न विसरता द्यावी. आंबोली, चौकुळ आणि गेळे या गावांत कबुलायतदार गावकर जमिनींच्या, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक वहिवाटीतल्या जमिनींच्या, मालकीचा प्रश्न असल्यामुळे, करार करण्यापूर्वी आपल्या घराची ग्रामपंचायतीकडील आकारणी आणि जमिनीचा सातबारा दोन्ही पाहून घेणे आवश्यक आहे.

हंगामी भाड्याची खरी अडचण गणपतीची आहे. चतुर्थी नेमकी या चार महिन्यांतच येते, आणि ज्यांचा गणपती आंबोलीच्या घरातच बसतो, त्यांना सप्टेंबरअखेरपर्यंत घर देता येणारच नाही. आमचा गणपती वेंगुर्ल्याच्या मूळ घरी असल्यामुळे आम्हाला ते जमले. इतरांनी करार चतुर्थीच्या आठ दिवस आधी संपवावा, किंवा ज्यांना वर्षभर स्वतःचे येणे-जाणे ठेवायचे आहे त्यांनी दिवसाच्या भाड्याचीच पद्धत ठेवावी, कारण त्यात हव्या त्या तारखा मालकाला रोखून ठेवता येतात. मात्र तसे करताना संस्थेला केवळ बुकिंगचे काम द्यावे आणि घर रोज उघडण्यासाठी गावातलाच माणूस महिन्याच्या पगारावर ठेवावा; आमच्या शेजारच्या वहिनींनी हे काम हिवाळ्यात संस्थेच्या माणसापेक्षा कितीतरी चांगले केले आहे.

आम्ही आता ऑक्टोबर ते मे याच संस्थेकडे घर ठेवतो आणि मेअखेर शाकारणी झाली की ते हंगामी बिऱ्हाडाला देतो. करारात दोन अटी मी आवर्जून घातल्या आहेत: घर सलग दोन दिवसांपेक्षा जास्त बंद ठेवायचे झाल्यास वहिनींकडे किल्ली द्यावी, आणि गळती दिसताच त्याच दिवशी कळवावे, दुरुस्तीचा खर्च आम्ही देऊ. अनामत दोन महिन्यांच्या भाड्याएवढी घेतो आणि घर पाहून त्याच दिवशी परत करतो.