बंबई मेरी जान: हवालदार बापासाठी बघा, डॉनसाठी नको

प्राइम व्हिडिओवर सप्टेंबर 2023 मध्ये आलेली ही दहा भागांची हिंदी मालिका. दारा कादरी म्हणजे दाऊद, हाजी मकबूल म्हणजे हाजी मस्तान, अझीम पठाण म्हणजे करीम लाला. नावं बदलली तरी कोण कोण आहे ते पहिल्याच भागात कळतं. पण पैसे वसूल होतात ते दाराच्या बापाच्या, म्हणजे के. के. मेनन यांच्या इस्माईल कादरीमुळे. पोलिसाची इभ्रत आणि घरातली रिकामी पातेली या दोन्हींचं ओझं त्यांच्या खांद्यांवर दिसतं. नोकरी गेल्यावर ज्याला पकडायचं त्याच्याच दारात जायची वेळ येते, तेव्हा ते आवाज चढवत नाहीत, फक्त नजर खाली जाते.

तपशिलात मात्र घोळ आहे. दाऊदचे खरे वडील इब्राहिम कासकर मुंबई क्राइम ब्रँचमध्ये हवालदार होते, दंडावर तीन फिती. हवालदाराची ताकद हुकूम सोडण्यात नसते, खबऱ्यांत असते. टेमकर मोहल्ल्यात कोण कोणाकडे उठतो-बसतो हे त्याला साहेबाच्या आधी कळतं. मालिका त्याच्या हाती हाजीविरुद्धचं पथकच देते. नाट्य वाढतं, पण गंमत जाते: वरच्यांचा दबाव आणि खालच्यांचा शेजार यांत चेपला जाणारा माणूस हाच खरा विषय होता. बँकेची रोकड लुटल्यावर कासकरांनी पोरांना पट्ट्याने फोडून स्वतः क्राइम ब्रँचमध्ये हजर केलं, असं सांगतात. एवढा एक प्रसंग नीट रंगवला असता तरी चार गोळीबार वाचले असते.

आणखी एक खटकतं. कासकर कुटुंब खेड तालुक्यातल्या मुमक्याचं, कोकणी मुसलमान. कासकरचं कादरी झालं आणि आडनावातलं कोकण पुसलं गेलं.

सुरुवात 1986 मध्ये होते, मग गोष्ट थेट 1964 मध्ये जाते. तेवढं लक्षात ठेवलं की गोंधळ होत नाही. पहिले चार भाग सलग बघा. मधल्या भागांत टोळ्यांची तीच ती खुन्नस, शिव्या आणि रक्त. तिथे पुढे ढकललं तरी काही चुकत नाही. अविनाश तिवारीचा दारा ठीक, त्याची बहीण हबीबा झालेली कृतिका कामरा त्याहून जास्त लक्षात राहते. मुलं जागी असतील तर हेडफोन लावूनच.