हॅस्केल पसरवायची तर वाट पँडॉकची की एक्समोनॅडची?

हॅस्केलसारखी मोजक्यांनाच येणारी प्रोग्रॅमिंगची भाषा पसरवायची तर तिच्यात कामाचं मुक्त सॉफ्टवेअर लिहा, हा सल्ला सगळेच देतात. कुठल्या जातीचं लिहायचं, इथे मात्र घोळ होतो. वापरणाऱ्यांची गर्दी वेगळी आणि त्या भाषेत लिहिणारे हात वेगळे.

२००६ मध्ये आलेलं पँडॉक मार्कडाउन, लाटेक, वर्ड, ईपब अशा फाइल-प्रकारांची आपापसांत रूपांतरं करून देतं. ते हॅस्केलमध्ये लिहिलंय हे बहुतेकांच्या गावीही नसतं. त्याचे फिल्टर (रूपांतर होताना मजकुरात बदल करणारे छोटे प्रोग्रॅम) हॅस्केलमध्ये लिहिता येतात, पण २०१७ च्या २.० आवृत्तीपासून लुआ या दुसऱ्या भाषेचा इंटरप्रिटर (कोड थेट चालवणारा प्रोग्रॅम) आतच आला आणि हॅस्केलचा कंपायलर (कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणारं साधन) बसवायची गरज उरली नाही. वापरणाऱ्यांची सोय झाली. हॅस्केलच्या प्रसिद्ध प्रोग्रॅममध्ये भर घालायला लोक लुआ शिकू लागले! शेल स्क्रिप्टमधल्या चुका दाखवणाऱ्या, हॅस्केलमध्येच लिहिलेल्या शेलचेकचंही तेच: वापरणारा बॅशवाला (बॅश ही शेलची भाषा), आणि तो बॅशवालाच राहतो.

एक्समोनॅड (२००७) हा विंडो मॅनेजर, म्हणजे लिनक्सवर पडद्यावरच्या खिडक्या मांडणारा प्रोग्रॅम. त्याची सेटिंगची फाइल हाच एक हॅस्केल प्रोग्रॅम. दुसऱ्याच्या फाइलमधली ओळ उचलायची, थोडी बदलायची, मॉड-क्यू (मॉड म्हणजे बहुधा ऑल्ट की) दाबायचं, की बदल लागू. टाइप (डेटाचा प्रकार) चुकला तर त्रुटी पडद्यावर दिसते आणि जुनी मांडणी चालूच राहते. नवशिक्याची भीड मोडते ती इथे. किंमतही आहे: जीएचसी कंपायलर डिस्कवर एक जीबीहून जास्त जागा खातो. आर्चसारख्या, लायब्रऱ्या डायनॅमिक लिंक करणाऱ्या (आत न घालता प्रोग्रॅम चालताना जोडणाऱ्या) लिनक्स वितरणावर अपडेटनंतर जुनी बायनरी (कंपाइल झालेली फाइल) लायब्रऱ्यांशी जुळत नाही; `xmonad --recompile` विसरलात तर पुढच्या लॉगिनला अडकाल. शिवाय एक्समोनॅड लिनक्सच्या जुन्या एक्स११ या पडदा-व्यवस्थेपुरताच आहे, नव्या वेलँडवर चालत नाही.

तिसरी वाट रेल्सची, म्हणजे वेबसाइट बांधायच्या फ्रेमवर्कची (तयार सांगाड्याची). रुबी ही भाषा १९९५ ची, पण जपानबाहेर ती घरोघरी नेली २००४ च्या रेल्सने, कारण तिथे पहिल्या दिवसापासून रुबीच लिहावी लागते. पण फ्रेमवर्क वर्षानुवर्षं सांभाळावं लागतं. दोघा-तिघांनी या फंदात पडू नये.

भाषा खऱ्या कामाला टिकते एवढंच कंपनीला पटवायचं असेल तर पँडॉकची वाट धरा. मग विंडोज आणि मॅकसाठी तयार बायनरी द्या. लिनक्सची बायनरी अल्पाइन या वितरणावर मस्ल या सी लायब्ररीसह स्टॅटिक (लायब्रऱ्या आतच घालून) बांधा, कारण नेहमीची सी लायब्ररी ग्लिबसी पूर्ण स्टॅटिक केली की एन्कोडिंगची (अक्षरं बाइटमध्ये लिहिण्याच्या पद्धतीची) मॉड्यूल्स चालताना शोधते आणि तिथेच फसते. `LANG=C` (फक्त साध्या इंग्रजी अक्षरांची सेटिंग) असलेल्या सर्व्हरवर देवनागरी फाइल वाचताना बाइट वाचता न आल्याची त्रुटी येऊन प्रोग्रॅम पडतो, म्हणून `main` च्या पहिल्याच ओळीत `setLocaleEncoding utf8` हवं.

लिहिणारे हात हवे असतील तर एक्समोनॅडची वाट, पण सेटिंगची फाइल नसतानाही प्रोग्रॅम चालला पाहिजे. एक्समोनॅड तसा चालतो. परवानाही आधीच ठरवा. पँडॉकची लायब्ररी जीपीएलखाली (वाटताना सोर्सही खुला ठेवायला लावणारा परवाना) असल्याने बंदिस्त उत्पादनात जोडून वाटता येत नाही, एक्समोनॅडचा बीएसडी परवाना ती आडकाठी घालत नाही. लायब्ररी इतरांनी सर्रास वापरावी असं वाटत असेल तर ती वेगळी काढून बीएसडीखाली द्या. बाहेरच्यांचे पॅच आत आल्यावर परवाना बदलायला प्रत्येकाची संमती लागते.