अलेक्झांड्राइटची अंगठी: आठ महिने वापरल्यानंतर

आधी आत्याच्या अंगठीचं सांगते, म्हणजे मी एवढ्या चौकश्या का केल्या ते कळेल. आत्या मस्कतला होती तेव्हा ते सगळे इजिप्त फिरायला गेले होते, तिथून तिने भलामोठा खडा असलेली अंगठी आणली, उन्हात निळसर आणि बल्बखाली गुलाबी-जांभळी, दुकानदाराने अलेक्झांड्राइट म्हणून दिलेली आणि आम्हीही वीस वर्षं तेच म्हणत होतो. मागच्या वर्षी खडा हलायला लागला म्हणून सराफाकडे नेली, त्याने लॅबमध्ये तपासून घेतला तर निघाला कारखान्यात बनवलेला कोरंडम, म्हणजे माणिक-नीलमच्या जातीचा, त्यात व्हॅनेडियम घातल्यामुळे रंग बदलणारा. आत्या म्हणे, "जाऊ दे गं, वीस वर्षं मिरवली ना!" पण माझ्या डोक्यात बसलं की खरा कसा दिसतो ते बघायचंच.

तर खरा म्हणजे ख्रिसोबेरिल. आपल्याकडे केतूसाठी लसण्या घालतात ना, तो याच खनिजाचा, घरातलाच भाऊ म्हणा. अलेक्झांड्राइटमध्ये थोडं क्रोमियम असतं, ते प्रकाशातला पिवळा भाग गिळून टाकतं आणि हिरवा नि लाल दोन्ही सोडतं, मग उन्हात हिरवा जिंकतो आणि पिवळ्या बल्बखाली लाल. १८३० च्या दशकात रशियात उरल पर्वतात पाचूच्या खाणींत सापडला आणि तेव्हाचा राजपुत्र अलेक्झांडर याचं नाव मिळालं. आता ब्राझील, श्रीलंका, टांझानिया इथून येतो आणि आपल्या आंध्र-ओडिशातूनही.

मी घेतला जयपूरला, जोहरी बाजारातल्या एका व्यापाऱ्याकडे. माणूस चांगला होता, प्रत्येक खडा आधी खिडकीत धरून दाखवला मग पिवळ्या बल्बखाली, आणि घाई अजिबात नाही. मोठे खडे दाखवले तेव्हा किंमत ऐकून मी चहाच मागवला. शेवटी ०.४२ कॅरेटचा घेतला, अख्ख्या मसुराएवढा, ३८ हजाराला, आणि तोही लॅब रिपोर्टमध्ये 'नॅचरल' लिहिलंय ते नीट वाचून. आंध्रचा आहे म्हणाला, ते मी त्याच्या शब्दावर सोडलं. भिंगातून बघितलं तर आत एक बारीक रेघ दिसते, नुसत्या डोळ्याला नाही.

बहिणीने तेवढ्यात लॅबमध्ये वाढवलेला घेतला, रसायन तेच, दुकानदाराने स्पष्ट सांगून विकलेला, किंमत माझ्यापेक्षा कितीतरी कमी आणि खरं सांगू का, रंग तिचाच जास्त झटकन बदलतो. मला थोडं लागलं ते.

अंगठी पुण्यात बनवली आणि इथे मात्र वैताग. सराफाने आधी विचारलं कुठल्या ग्रहाचा, मी म्हणलं कुठल्याच नाही, आवडला म्हणून, तर त्याचा चेहराच पडला. मग मी नको म्हणत असताना मागून बंद कोंदण केलं आणि खडा काळाठिक्कर, हिरवाही नाही आणि लालही नाही. परत नेऊन मागून उघडं करून घेतलं, घडणावळ दुसऱ्यांदा भरली. तुम्ही करणार असाल तर हे आधीच कागदावर लिहून घ्या.

वापरायला मात्र दणकट आहे. कठीणपणा ८.५, म्हणजे माणिक-नीलमच्या खालोखाल, आठ महिने भांडी घासताना पण बोटातच असते (आई ओरडते), एक चरा नाही. साबणाच्या कोमट पाण्यात मऊ ब्रशने धुते, बास.

रंगाचं मात्र दुकानात बघून ठरवू नका, कारण तिथले लाइट तुमच्या घरी नसतात. उन्हात माझा निळसर हिरवा दिसतो, शेवाळलेल्या विहिरीच्या पाण्यासारखा, मस्त. पण आमच्या घरात सगळीकडे पांढरे एलईडी, त्यात तो नुसता राखाडी-हिरवट होऊन बसतो, पिवळसर एलईडीत जरा जांभळट, आणि जुना तारेचा बल्ब आता घरात आहेच कुठे. पहिला महिनाभर मला वाटलं फसलो. मग एका संध्याकाळी देवापुढे निरांजन लावताना हात ज्योतीजवळ गेला आणि खडा चक्क कोकमाच्या आगळासारखा झाला! तिथल्या तिथे सासूबाईंना हाक मारली, त्यांनी माझं बोट धरून निरांजनापाशी नेलं, मग मोबाइलच्या टॉर्चखाली, परत निरांजनापाशी, तेल संपेपर्यंत तेच चाललं होतं.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो ऑफिसमुळे, तिथे दिवसभर ट्यूबलाइट, एका मैत्रिणीने विचारलं, "पाचू आहे का? जरा मळलाय." तिला लंच ब्रेकमध्ये पार्किंगमध्ये उन्हात नेऊन दाखवावा लागला.