आईच्या कबरीचा दगड : एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

वसईला आमच्या चर्चच्या दफनभूमीत आईची कबर आहे. दगड बसवून वर्ष उलटलं. मधे एक अख्खा पावसाळा आणि २ नोव्हेंबरचा मृतांचा दिन होऊन गेला. दुकानात सगळेच दगड सुंदर दिसतात, म्हणून एवढे दिवस थांबून लिहितोय.

घरातल्या थोरांचा कल संगमरवराकडे होता, कारण आजी-आजोबांची पाटी पांढरीच आहे. पण त्या पाटीवरची नावं आज बोटांनी चाचपून वाचावी लागतात. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. पावसाचं किंचित आम्लधर्मी पाणी त्याला वर्षानुवर्षं खात राहतं, आणि आमच्याकडच्या दमट हवेत वर शेवाळाचा काळपट थर चढतो तो वेगळाच. आम्ही काळा ग्रॅनाइट घेतला. (बाजारात ज्याला काळा ग्रॅनाइट म्हणतात तो बहुतेकदा डोलेराइट किंवा गॅब्रो नावाचा दुसराच काळा खडक असतो, टिकायला दोन्ही दणकट.) गणपती-नवरात्रापर्यंत यावरही थोडं शेवाळ धरलं होतं, पण नायलॉनच्या ब्रशने आणि साध्या पाण्याने निघून गेलं. झिलई जशीच्या तशी आहे.

खरा फरक पडतो तो कोरकामात. लेसरने झिलईवर बारीक पांढुरके ठिपके उमटतात, त्यातून हुबेहूब फोटो तयार होतो. भावाच्या आग्रहाने आईचा लहानसा फोटो तसा करून घेतला. उन्हात तो फार छान दिसतो. दगड भिजला की मात्र चेहरा जवळजवळ दिसेनासा होतो आणि वाळल्यावर परत उमटतो. जून ते सप्टेंबर तिथे गेलं की आई दिसेलच असं नाही, याची मनाची तयारी ठेवा. नाव, तारखा आणि वचन आम्ही सँडब्लास्टिंगने घेतलं. दगडावर रबराचं स्टेन्सिल चिकटवतात, अक्षरांपुरता भाग कापून काढतात आणि हवेच्या दाबाने रेतीसारख्या कणांचा मारा करतात. नख फिरवलं की अडकतं एवढी खोली मिळते. या अक्षरांत भरलेला सोनेरी रंग पहिल्याच पावसात दोन-तीन ठिकाणी उडाला, पण रंगाशिवायही अक्षर वाचता येतं. वसईच्या किल्ल्यात फ्रान्सिस्कन चर्चच्या फरशीत पोर्तुगीजांची थडगी आहेत. किल्ला मराठ्यांनी १७३९ साली घेतला, त्याच्याही आधीच्या शिळा त्यात कितीतरी. छप्पर कधीचंच गेलंय, पाऊस थेट अंगावर पडतो, तरी पुष्कळ शिळांवरची खोल कोरलेली नावं अजून वाचता येतात. पैसे वाचवायचे असतील तर फोटोवर वाचवा, अक्षरांच्या खोलीवर वाचवू नका.

आता मजकुराबद्दल, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. आईची प्रार्थना, भांडणं, हिशेब सगळं मराठीत, म्हणून दगडही मराठीतच हवा होता. बाबांनी वचन निवडलं : ‘पुनरुत्थान व जीवन मीच आहे’. दुकानदाराने आमचा मोबाइलवरून पाठवलेला मजकूर त्याच्या जुन्या फाँटमध्ये ओतला आणि ‘पुनरुत्थान’मधला त्थ फुटून त्‌ आणि थ वेगळे झाले. रु चा रू झाला. ‘ख्रिस्तवासी’तली वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसली. शिवाय ल आणि श हिंदी वळणाचे. कागदावरचा नमुना त्याने दुरुस्त करून पाठवला, पण बहिणीने हट्टाने दुकानात जाऊन दगडावर चिकटवलेलं स्टेन्सिलच वाचलं, तेव्हा त्थ पुन्हा फुटलेला सापडला. मारा सुरू झाल्यावर इलाज नसतो. तेव्हा होकार द्यायचा तो स्टेन्सिल बघूनच, आणि घरातलं जे माणूस शुद्धलेखनावरून सगळ्यांना टोकतं त्याला सोबत न्या. दर अक्षरागणिक असेल तर जोडाक्षर एक धरतात की दोन, हेही आधीच विचारा.

दुकानाच्या वहीत जोडलेले हात, कबुतर, गुलाब असे तयार नमुने होते. आईचं अर्धं आयुष्य पानवेलीच्या वाडीत गेलं, म्हणून भाचीने विड्याचं पान काढून दिलं. पहिल्या चित्रातल्या शिरा फार नाजूक होत्या. इतक्या बारीक रेषेचं रबर माऱ्यात उडून जातं, असं कारागिराने सांगितलं. मग मधली शीर आणि बाजूच्या मोजक्याच ठेवल्या. दगडावर सगळ्यात जिवंत काय असेल तर ते पान. बायका थांबतात, हात लावतात आणि आईच्या वाडीबद्दल बोलू लागतात.

देखभालीचं थोडक्यात : मृतांच्या दिनाला मेणबत्त्या दगडावर नको, शेजारी मातीत लावा. मेण सांडलंच तर थंड होऊ द्या, लाकडी पट्टीने खरवडा आणि उरलेलं कोमट पाण्याने पुसा. संडास धुवायचं ॲसिड कुठल्याच दगडाला लावू नका, संगमरवर तर फेसाळतो. आणि ताज्या कबरीवर घाईने दगड बसवू नका, माती खचते. आम्ही एक पावसाळा जाऊ दिला, तोवर साधा लाकडी क्रूस होता. माप आणि परवानगीसाठी फादरांना आधी भेटा. आमची कबर कुटुंबाची आहे, पुढे उघडावी लागणार, म्हणून दगड उचलता येईल असा बसवून घेतला.

आईच्या नावाखाली बाबांसाठी जागा सोडली आहे. तसं त्यांनीच सांगितलं, आणि अक्षर तिच्यासारखंच हवं, हेही. म्हणून दुकानातून फाँटचं नाव, अक्षरांची उंची आणि स्टेन्सिलची फाइल मागून घेतली. दुकानं बंद होतात, कारागीर बदलतात. तुम्हीही पैसे चुकते करण्याआधी ही फाइल मागून घ्या.